आगर ७

उणे ऐंशीचं दार उघडलं
की आधी वाफ उतरते पायांवर,
मग गजर.
चाळीस सेकंद मिळतात फार तर.
तेवढ्यात शोधायची पेटी क, ओळ तीन,
मोज्यात बधिर होत जाणाऱ्या बोटांनी.

कुपी होती.
टोपणावर निळ्या शाईत: आगर ७, मार्च ९४.
खाली दोन पुसट अक्षरं,
बहुधा ग्लिसरॉलचं प्रमाण.
मी तेव्हा म्हापशात तिसरीत होते
आणि मला सतराचा पाढा येत नव्हता.

वितळू द्यायचं नसतं.
पहिल्या वर्षाच्या मुलांना मी दर जूनमध्ये सांगते:
कुपी बर्फातच उभी ठेवा,
तारेचं कडं ज्योतीत लाल करा, निवू द्या,
वरचा कण खरवडा, नखाखाली मावेल एवढाच,
आणि कुपी परत थंडीत.
पुरतं जागं करून पुन्हा निजवलं
तर निम्मे उठत नाहीत.

मग बशीवर रेघा.
पहिली दाट, तिला छेदून दुसरी, दुसरीला तिसरी,
विरळ होत होत शेवटच्या रेघेत
एखादाच जीव एकटा राहावा,
म्हणजे जी वसाहत वाढेल ती त्याच्या एकट्याची.
बशी पालथी घातली. सदतीस अंश.
उद्या बघू.

उद्या काही नव्हतं.
परवाही.
आठवड्याने बशीत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तेवढं वाढलेलं.

चौऱ्याण्णवची नोंदवही फेब्रुवारीपर्यंत आहे,
मार्च वाळवीने नेला.
म्हणून कायतानबाबांना फोन केला.
एकतीस वर्षं त्यांनी इथल्या बश्या धुतल्या,
आता मेरशीला कोंबड्या पाळतात.
कुपीचं नाव सांगितलं, तर बराच वेळ
फोनमध्ये कोंबड्याच.
मग म्हणाले,
“तो तुज्या बशयेंतलो अगर न्हय गे बाय.
मिठाचें आगर.
तांकां मीठ दी. बरेंच दी.”

एका कान्याने मी आठवडा घालवला होता.

पंचवीस टक्के.
ज्या मिठात आई कैरी घालायची,
काही म्हणजे काही जगू नये म्हणून,
त्याच मिठाची खीर करावी तसं ढवळत बसले.
पुन्हा दार, वाफ, गजर,
पुन्हा ज्योत, रेघा, सदतीस.

रविवारी शापोरा नदीकाठी जाऊन आले.
कायतानबाबांनी खूण दिली होती:
मानशीच्या उजव्या हाताला, सात नंबरचा कोंडा.
मानस आहे, तिच्या फळ्या नाहीत.
कोंड्याच्या जागी कांदळ,
कांदळामागे पांढरी भिंत,
भिंतीवर तीन मजले आणि वाळत घातलेले टॉवेल.
बोट बुडवून पाहिलं. पाणी साधंच खारं होतं.

पाणी तांबूस झालं की दोन दिवसांत मीठ धरतं,
असं सांगून तेव्हा कोंड्यातल्या एका बाईने
करवंटीभर पाणी बाटलीत ओतून दिलं होतं.
नाव सुकांती. आडनाव कायतानबाबांना आठवत नाही.
पैसे घेतले नाहीत तिने, म्हणाली,
पाण्याचे कसले?

अकराव्या दिवशी
(आई असती तर म्हणाली असती, हा आकडा बोलू नये)
शेवटच्या रेघेत गुलाबी ठिपका.
दुपारपर्यंत चार.
संध्याकाळी मोजणं सोडलं.
माणसांबद्दल आपण म्हणतो, मिठाला जागला.
हे अक्षरशः जागले होते,
तीस वर्षांनी, मालक नसताना, आगर नसताना,
माझ्या टेबलावर, सांडलेल्या चहाशेजारी.

नव्या दहा कुप्या भरल्या.
जुनी कुपी टाकण्याआधी टोपण भिंगाखाली धरलं.
पहिलं अक्षर स. त्याला उकार.
दुसऱ्याचा नुसता दांडा उरलाय.

टोपणावर जागा नखाएवढी.
आगर ७ लिहिलं, तारीख लिहिली,
खाली तीच दोन अक्षरं.
पुढे कधीतरी, मोज्यातल्या बधिर बोटांत धरून
कोणीतरी वाचेल,
बहुधा ग्लिसरॉलचं प्रमाण.

दार लावलं.
गजर थांबायला थोडा वेळ लागतो.